सध्याचेच काम सुरू ठेवण्याची इच्छा

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत वर्षातून दोनदा करिअर-चर्चेचे दिवस यायचे, आणि एका विभागातल्या पाचापैकी चार टीमलीडरांच्या पोटात गोळा यायचा. एरवी ही माणसं खंबीर. पंचवीस मजली इमारतीत लिफ्ट अडकलीय, आत आठ माणसं आहेत, वरून फोनवर फोन येताहेत, अशा वेळीही त्यांचा आवाज चढत नसे. पण आपल्याच टीममधल्या माणसाला समोर बसवून ‘तुला पुढे काय करायचंय?’ एवढं विचारायचं म्हटलं की त्यांची बोबडी वळायची. कोणी लॅपटॉपच्या आड तोंड लपवायचा, कोणी अर्ध्या तासात तीन माणसं उरकायचा. एकाने तर अख्ख्या टीमला एकत्र बसवून ‘कुणाला काही प्रॉब्लेम?’ असं विचारलं होतं, आणि कुणी तोंड उघडलं नाही म्हणून सगळं उत्तम आहे असं वर कळवून टाकलं होतं.

पाचवा होता मुकादम. हे नाव त्याला टीमनेच ठेवलं होतं, कारण पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, ‘मी साहेब वगैरे नाही रे बाबांनो, मी मुकादम. कामं तुमची, हाका माझ्या.’ माणसांना असं बोललेलं आवडतं. मुकादमलाही आपण असं बोललेलं फार आवडायचं.

त्याची चर्चा बघण्यासारखी असे. लॅपटॉप नाही, वही नाही, मीटिंगची खोली नाही. चौथ्या मजल्याबाहेर लोखंडी जिन्याचा एक टप्पा होता, आग लागली तर पळायला केलेला. तिथे तो आपल्या थर्मासमधला चहा दोन स्टीलच्या पेल्यांत ओतायचा आणि म्हणायचा, “बोल. आज तुझा दिवस.” मग खरोखरच ऐकायचा. तासभर, दीड तास. मध्ये बोलायचा नाही, घड्याळाकडे बघायचा नाही. कुणाच्या भावाचं लग्न मोडलंय, कुणाला रात्री झोप येत नाही, कुणाला मनातून शिक्षक व्हायचं होतं, सगळं त्याच्या ध्यानात असे आणि सहा महिन्यांनी तो धागा तिथूनच उचलायचा. त्या जिन्यावर दोघं-तिघं रडलेही होते. मुकादमला त्याचा अभिमान होता, आणि तो हा अभिमान लपवायचा तेही चारचौघांना दिसेल अशा बेताने.

चर्चा झाली की फॉर्म भरायचा असे. फॉर्मचे दोन भाग. वरचा भाग ‘कर्मचाऱ्याचे म्हणणे’, तो ज्याचा त्याने भरायचा. खालचा ‘टीमलीडरचे मत’. नियम असा होता. पण मुकादमच्या टीममध्ये वर्षानुवर्षं दोन्ही भाग मुकादमच भरत आला होता. इंजिनियर मंडळींना फॉर्मचा कंटाळा. चार हजार ओळींचा कोड हसत लिहितील, पण स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मुकादम म्हणाला, “तुम्ही माझ्याशी मोकळं बोला, कागदी घोडे मी नाचवतो. तुम्ही नुसतं ‘सहमत’ दाबा.” टीमने अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून सगळे सहमत दाबत होते. फॉर्म उघडला की त्यात मागच्या वेळचा मजकूर आपोआप भरलेला यायचा. बदलायचं तेवढं बदलायचं आणि पाठवून द्यायचं.

मुकादम सगळ्यात शेवटी, मुदत संपायच्या दिवशी, चौदा माणसांचे चौदा फॉर्म एका दुपारी पाठवून द्यायचा. दीड दीड तास ऐकलेलं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. फॉर्ममध्ये काय असायचं ते फॉर्मलाच ठाऊक.

तर त्या वर्षी मोठ्या बाईंनी मुकादमला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. त्या कमी बोलायच्या आणि बोललेलं विसरत नसत.

“गुरुवारी सगळ्या कंपनीतल्या टीमलीडरांना एक तास शिकवायचंय,” त्या म्हणाल्या. “चर्चा कशी करायची ते. तुमच्याइतकं ते कुणालाच जमत नाही. तुमच्या टीममधून सात वर्षांत एकही माणूस सोडून गेलेला नाही.”

“तसं काही नाही मॅडम, मी फक्त ऐकतो.”

“तेच शिकवा. आणि कुणाचं तरी खरं उदाहरण द्या, हवेतल्या गप्पा नकोत.” मग फाइल मिटता मिटता त्या सहज म्हणाल्या, “मी उन्हाळ्यानंतर मुख्य कार्यालयात चाललेय. माझ्या जागी माणसं कळणारा माणूस हवा, असं मी वर बोललेय.”

मुकादम बाहेर आला तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर चालत होता. पन्नाशी जवळ आली होती. आपल्याबरोबरचे कधीच वर सरकले आणि आपण मात्र मुकादमच राहिलो, ही बोच त्याला रोज दाढी करताना टोचायची. आता एवढा गुरुवार नीट पार पडला पाहिजे, बस्स.

उदाहरण शोधायला त्याला डोकं खाजवावं लागलं नाही. दारवाली.

दारवाली त्याच्या टीममधली सगळ्यात जुनी. अकरा वर्षं झाली होती तिला. लिफ्टचं दार कधी उघडायचं, किती जोराने मिटायचं, मध्ये काही आलं तर केसाएवढ्या वेळात मागे कसं फिरायचं, हे सगळं तिच्या हातचं. तिच्या टेबलाखाली एक खोकं असायचं: म्हाताऱ्या माणसाची काठी, बाबागाडीचं चाक, मफलर, कुत्र्याचा पट्टा, लहान मुलाच्या मापाचा रबरी हात. जे जे म्हणून माणूस दारात अडकवून घेऊ शकतो ते ते तिने जमवलं होतं, आणि प्रत्येक नवं दार त्या खोक्यातून पार झाल्याशिवाय ती पास करत नसे. तिच्या दारांनी अकरा वर्षांत कुणाचं बोट चेमटलं नव्हतं. बाकीचे टीमलीडर मुकादमला म्हणायचे, ‘तुझं काय बाबा, तुझ्याकडे दारवाली आहे.’

सोमवारी दुपारी त्याने तिचे जुने फॉर्म उघडले. गुरुवारी दाखवायला दोन-चार छान ओळी मिळतील, बाईचा प्रवास वगैरे दिसेल, अशा बेताने. सगळ्यात ताजा फॉर्म वाचला. मग त्याआधीचा. मग त्याच्या आधीचा. आणि चहाचा पेला त्याने न पिताच खाली ठेवला.

‘कौटुंबिक कारणामुळे सध्याचेच काम सुरू ठेवण्याची इच्छा. नवी जबाबदारी नको.’

दहा फॉर्म, पाच वर्षं, आणि दहाही ठिकाणी हेच. पूर्णविरामसुद्धा हलला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी ते खरं होतं. ती रचना विभागात जायची होती. तिथे अख्ख्या लिफ्टचा विचार होतो, नुसत्या दाराचा नाही; तिचं ते स्वप्न होतं आणि तिथली माणसंही तिची वाट बघत होती. त्याच महिन्यात तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. घरात ती एकटी. जिन्यावर बसून ती म्हणाली होती, “सर, या वेळी नको. बाबांचं बघू दे. नंतर जाईन.” मुकादमचे डोळे भरून आले होते. त्याने तिचं म्हणणं सरकारी भाषेत बसवलं, आणि बसवताना ‘नंतर’ तेवढं राहून गेलं.

वडील दोन वर्षं अंथरुणाला होते, मग गेले. मुकादम त्यांच्या घरी गेला होता. तिच्याशेजारी दोन तास गप्प बसला होता, आणि त्या गप्प बसण्याबद्दल तिने नंतर चारदा आभार मानले होते. ‘कौटुंबिक कारण’ जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि ते गेल्याचं या कंपनीत सगळ्यात आधी ज्याला कळलं तो हाच माणूस होता.

आता कुणी म्हणेल, विसरला असेल बिचारा, चौदा फॉर्म एका दुपारी, होतं असं. मुकादमनेही खुर्चीत मागे रेलून स्वतःची तशी समजूत काढून पाहिली. पण ती पटली नाही, कारण त्याला एक दुपार लख्ख आठवत होती. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या चर्चेत ती म्हणाली होती, “सर, आता मी मोकळी आहे. मला दारांतून काढा.” तो म्हणाला होता, “हक्काने सांगितलंस, बरं वाटलं.” आणि खरंच, फॉर्म उघडून त्याने त्या ओळीवर बोट आणलं होतं. तेवढ्यात इस्पितळांच्या लिफ्टचं मोठं काम आलं होतं. स्ट्रेचर आत जाईल अशी रुंद दारं, आठ महिन्यांची मुदत. ही गेली तर ते कोण करणार? त्याने ती ओळ वाचली, पुरती वाचली, मनाशी म्हणाला, एवढं मार्गी लागू दे, आणि आहे तशी पाठवून दिली. त्यानंतर मात्र त्याने ती वाचलीच नाही. वाचायची नाही हे एकदा ठरलं की विसरणं फार सोपं असतं.

पुढच्या वेळी तिने पुन्हा विचारलं होतं. “बघतो गं,” तो म्हणाला होता. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. जिन्यावर ती दारांबद्दल बोलायची, त्याच्या मुलीच्या परीक्षांची चौकशी करायची, चहा छान झालाय म्हणायची. मुकादमला वाटलं, रमली.

मंगळवारी सकाळी एचआरमधल्या बाईंचा फोन आला.

“रचना विभागात मुख्य इंजिनियरची जागा भरायचीय. अनुभवाने तुमच्या दारवालीचं नाव सगळ्यात वर येतंय, पण फॉर्ममध्ये तिने दहा वेळा नको म्हटलंय. बरोबर आहे ना ते? यादी आज पाचला बंद होईल.”

मुकादम खुर्चीतून उठला. “समजा... समजा लिहिण्यात काही चूक झाली असेल तर?”

“मग एक ओळ मेल करा, मी नाव घालते. पण कारण द्यावं लागेल. दहा फॉर्म चुकले म्हणजे का चुकले ते मोठ्या बाई विचारणारच.”

“बघून सांगतो.”

दिवसभर तो बघत होता. मेल लिहिला, ‘माझ्या नजरचुकीमुळे’ असा सुरू केला. नजरचूक इतक्या वेळा होत नाही, म्हणून खोडला. ‘तिचा विचार नुकताच बदलला आहे’ असा दुसरा लिहिला. मग वाटलं, तिला कुणी विचारलं तर ती सरळ सांगेल, मी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हणून. तोही खोडला. गुरुवारी शंभर माणसांसमोर ‘ऐकायचं कसं’ हे शिकवायचं आणि मंगळवारी लिहून द्यायचं की मी ऐकलं, पण त्याचं काहीच केलं नाही! तीन वाजता त्याने ठरवलं की खरं ते लिहायचं, व्हायचं ते होऊ दे. साडेतीनला त्याला मोठ्या बाईंची खुर्ची आठवली. चारला तो स्वतःला सांगत होता की सहा महिन्यांनी दुसरी जागा निघेलच, आणि तोवर आपण विभागप्रमुख झालेलो असू, तेव्हा तिला हात धरून नेऊन बसवू, नाहीतरी आत्ता कुणाचं काय अडलंय? पाचला पाच कमी असताना फोन वाजला.

“फॉर्ममध्ये आहे तसं राहू दे,” तो म्हणाला.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली. बायको शाळेत शिक्षिका होती आणि अर्ध्या गोष्टीची उरलेली अर्धी ओळखायची सवय तिला पोरांनी लावली होती.

“म्हणजे ती नको म्हणाली नव्हती,” ती म्हणाली.

“पूर्वी म्हणाली होती.”

“पूर्वी तूही पायलट होणार होतास.” तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. “हे बघ, प्रगतिपुस्तकात मीही कधीकधी ‘प्रगती समाधानकारक’ लिहिते आणि पोराचा चेहरासुद्धा आठवत नाही मला. पण मग मी त्या पोराच्या आईसमोर उभी राहून ‘तुमचं पोर म्हणजे माझं पोर’ असं म्हणत नाही. उद्या जा आणि तिला सांग.”

“सांगणार आहे.”

“गुरुवारच्या आधी.”

“हो म्हटलं ना!” तो खेकसला. लेकीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा ताटात घातली.

बुधवारी तो दारवालीकडे गेला, सांगायचं म्हणूनच गेला. ती गुडघ्यांवर बसून दाराच्या पट्टीत मफलर अडकवत होती. त्याला बघून हसली. “सर, हा मफलर बघा, लोकरीचा होता तोवर सेन्सरला दिसायचा. हा नवा रेशमी दिसतच नाही त्याला. दोन दिवस झगडतेय.” तिचं ते हसू बघून त्याचं अवसान गळालं. बोलायला गेला एक आणि तोंडातून निघालं दुसरंच.

“उद्या माझा तास आहे. तू दोन शब्द बोलशील का? चर्चेबद्दल. तुझा अनुभव.”

तिने मफलर पट्टीतून सोडवला. “बोलेन की,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितल्यावर नाही कसं म्हणू?”

गुरुवारी सकाळी रचना विभागातल्या नेमणुकीचा मेल सगळ्यांना आला. दुसऱ्याच टीममधला कुणी तरी होता. दारवालीपेक्षा पाच वर्षांनी नवा. अकरा वाजता सभागृह भरलं.

तास सुरेख झाला. खोटं कशाला बोला, मुकादम सुरेखच बोलला. चूप बसायला शिका, म्हणाला. उपाय सांगायची घाई करू नका. माणसाला काय व्हायचंय ते नका विचारू, काय करताना त्याला वेळेचं भान राहत नाही ते विचारा. गेल्या वेळी तो काय बोलला होता तिथून सुरुवात करा, म्हणजे त्याला कळेल की तो तुमच्या ध्यानात आहे. शब्द न् शब्द खरा होता. टीमलीडर मंडळी शाळेतल्या पोरांसारखी लिहून घेत होती. मागच्या रांगेतला एक जाडजूड टीमलीडर, तोच तो सगळ्या टीमला एकत्र बसवणारा, हात वर करून म्हणाला, “ते सगळं ठीक आहे. पण ऐकून झाल्यावर? मग काय करायचं?”

सभागृहात हसू फुटलं. मुकादमही हसला. “मनापासून ऐकलंत,” तो म्हणाला, “की पुढची वाट माणूस स्वतःच शोधतो.”

टाळ्या पडल्या. जाडजूड माणसाने तेही लिहून घेतलं.

मग दारवाली उठली. तिला माइकची सवय नव्हती, तो तिने जरा लांब धरला. “बाबा आजारी होते तेव्हा मी रोज उशिरा यायचे आणि लवकर जायचे,” ती म्हणाली. “सरांनी मला एकदाही विचारलं नाही, हे असं कुठपर्यंत चालणार म्हणून. मला जे काही येतं ते मी कोडमधून शिकले, पण मी माणूस आहे हे या कंपनीत मला सरांनी कळू दिलं. मला वाटतं, मी स्वतःला ओळखते त्यापेक्षा सर मला जास्त ओळखतात.” एवढं बोलून ती खाली बसली. मोठ्या बाईंनी स्वतः टाळ्यांना सुरुवात केली, आणि बाहेर पडताना मुकादमच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “माझं काम सोपं केलंत.”

मुकादमला त्या वेळी नेमकं काय वाटलं असेल? लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, उबदार, पोटात गोड उतरणारं, आणि ते लाजेपेक्षा मोठं होतं. हे त्याचं त्यालाही दिसलं.

दुपारी ती स्वतःच आली. “सर, पाच मिनिटं आहेत? जिन्यावर नको. माझ्या इथे चला.”

चाचणीच्या मनोऱ्यात कुणी नव्हतं. सात मजली उंच, पोकळ जागा, मध्ये एक उघडी लिफ्ट, तारा आणि वंगणाचा वास. तिने दाराचं बटण बंद केलं, म्हणजे आवाज थांबला.

“तुम्ही सकाळचा मेल बघितलात,” ती म्हणाली.

“बघितला. अगं, त्याबद्दलच मला तुला सांगायचं...”

“आधी मला बोलू द्या, नाहीतर धीर होणार नाही.” ती हसली, पण ओठ कोरडे होते. “मी माझे फॉर्म वाचलेत, सर. तुम्हाला वाटत असेल आम्ही न वाचता सहमत दाबतो. बाकीचे दाबतात. मी अडीच वर्षांपूर्वी वाचला. आणि तेव्हापासून दर वेळी वाचते.”

मुकादमने लिफ्टच्या चौकटीला हात टेकला.

“पहिल्यांदा रागच आला. वाटलं, मी तर सांगितलं होतं मोकळी आहे म्हणून. मग घरी जाऊन नीट विचार केला. बाबा गेले तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. म्हणजे घरचं कारण उरलेलं नाही हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तुम्ही काही विसरत नाही. माझ्या मावशीच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा तुमच्या लक्षात असते. मग तरी तुम्ही तेच का लिहाल? तेव्हा कळलं मला. खरं कारण वेगळं असणार, आणि ते तुम्ही लिहीत नाही, कारण एकदा फॉर्ममध्ये आलं की ते जन्मभर चिकटतं. मला ते काम झेपणार नाही हे तुम्हाला दिसत होतं. दार मला जमतं, अख्खी लिफ्ट नाही जमणार. आणि माझा अपमान नको म्हणून तुम्ही बाबांच्या नावाआड मला सांभाळून घेत होतात. म्हणून मी विचारणं सोडलं. उगाच तुम्हाला पेचात कशाला टाकायचं?”

बोलता बोलता तिने खोक्यातला मफलर हातात घेतला होता आणि त्याची घडी घालत होती.

“आता हे सगळं का काढलंस?” मुकादमचा आवाज त्यालाच परका वाटला.

“बाहेरच्या एका कंपनीने बोलावलंय. पुरी रचना, माझ्या हाताखाली सहा माणसं. मी दोनदा नाही म्हणाले, तरी ते तिसऱ्यांदा विचारताहेत. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.” तिने मान वर केली. “त्यांना मी माहीत नाही, सर. ते माझी दारं बघून बोलावताहेत. तुम्हाला मी माहीत आहे. म्हणून एकदाच स्पष्ट विचारते आणि तुम्ही स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही. ते वाक्य तुम्ही विचार करूनच लिहीत होतात ना?”

एवढं सोपं होतं ते. नाही म्हणायचं. नाही गं, मी वाचतसुद्धा नव्हतो. एकदा वाचलं ते माझ्या सोयीसाठी तसंच ठेवलं. तुझ्या झेपण्या-न-झेपण्याचा विचार मी एक मिनिटही केलेला नाही, जा, आत्ताच्या आत्ता हो म्हण त्यांना. चार वाक्यं. तिची अडीच वर्षं त्या चार वाक्यांनी परत आली नसती, पण पुढची सगळी तिची झाली असती. आणि तिने त्याच्याकडे सकाळी जसं पाहिलं होतं तसं पुन्हा कधी पाहिलं नसतं. या सबंध जगात एका माणसाची अशी खात्री होती की मुकादम तिला तिच्यापेक्षा जास्त ओळखतो, तिच्याबद्दल रात्रंदिवस विचार करतो. ती खात्री मोडायची, आणि तिच्या जागी काय ठेवायचं? एका दुपारी चौदा फॉर्म उरकणारा माणूस?

ती वाट बघत होती. चर्चेत तो जसा वाट बघायचा तशीच, मध्ये न बोलता.

“हो,” मुकादम म्हणाला. “विचार करूनच.”

तिने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा, कुणीतरी हिशोब बरोबर आलाय असं सांगितल्यासारखी. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता.

“मला तेच वाटलं होतं. बरं झालं विचारलं.” तिने खिशातून फोन काढला. “थँक यू, सर. इतकं खरं कुणी तोंडावर सांगत नाही.”

त्याच्यासमोर उभी राहूनच तिने नकार लिहिला, दोन ओळींचा, एक शब्द खोडून पुन्हा लिहिला, आणि पाठवून दिला. मग फोन ठेवून ती दारापाशी गुडघ्यांवर बसली.

“तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना मघाशी?” तिने मान न वळवता विचारलं.

“काही नाही,” मुकादम म्हणाला. “तास चांगला झाला म्हणत होतो.”